चिठ्ठी बघायची, मांजर नाही

१ मार्च, शनिवार
बायको सकाळच्या गाडीने काओश्युंगला गेली. लेकीला मुलगी झाली. महिनाभर बाळंतिणीचं करायचं, म्हणजे दोन एप्रिलपर्यंत घरात मी आणि लोंगान. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली. माझ्या वेळी असं होत नसे.

लोंगान म्हणजे बायकोची मांजरी. नऊ वर्षांची. लोंगान फळाच्या सालीसारखा भुरका रंग, म्हणून हे नाव. बायकोने फ्रिजवर एक कागद लावलाय. मांजर सांभाळण्याच्या सतरा सूचना. छत्तीस वर्षं चियायी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढलेल्या, शेवटी त्याचा प्रमुख झालेल्या, आणि एकही पार्सल चुकीच्या गावाला न धाडलेल्या माणसाला सतरा सूचना. वाचल्या नाहीत. सतरा आहेत हे शेवटच्या आकड्यावरून कळलं.

उद्यापासून पाचला उठणे. मांजराला शिस्त लावणे.

२ मार्च, रविवार
रविवारी उठायचं असं ठरलं नव्हतं.

३ मार्च, सोमवार, संध्याकाळ
समोरच्या लाईकाकू आल्या होत्या. उद्या महिन्याचा पहिला मंगळवार. गल्लीतल्या भटक्या मांजरी पकडून डॉक्टर च्वांगच्या दवाखान्यात न्यायच्या, तिथे त्यांचं ऑपरेशन, मग पुन्हा गल्लीत सोडायच्या. ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या उजव्या कानाचं टोक कापतात, म्हणजे पुन्हा पकडली जाऊ नये. हे सगळं काकू सहा वर्षं करताहेत. वय अठ्ठ्याहत्तर. पद्धत काय, तर मिळेल त्या खोक्यात मांजर घालायची, वर रिबीन बांधायची, आणि लक्षात ठेवायचं.

मी म्हटलं, काकू, लक्षात ठेवणं ही पद्धत नव्हे. त्या म्हणाल्या, सहा वर्षांत एक मांजर इकडची तिकडे झाली नाही मास्तर. मी म्हटलं, ते नशीब. उद्याची व्यवस्था मी बघतो. त्या म्हणाल्या, बघा बाबा, मलाही गुडघा दुखतोय.

रात्रीच्या आत चिठ्ठ्या तयार केल्या. लाल म्हणजे ऑपरेशन. हिरवी म्हणजे फक्त नखं. प्रत्येकीची कार्बन कॉपी. हिरवी चिठ्ठी एकच, कारण लोंगानची नखं कापायची आहेत (सूचना क्र. ९, ती वाचली होती) आणि त्यासाठी वेगळी खेप कोण घालणार.

४ मार्च, मंगळवार, सकाळी ११
कामगिरी फत्ते. सात पिंजरे, सातांवर सारखं निळं कापड. कापडाखाली मांजर शांत राहते, हे काकूंनाही मान्य आहे. लोंगानची स्वतःची पेटी गुलाबी आणि सूर्यफुलांची. ती त्या ओळीत फार विचित्र दिसत होती, हातगाडीवर नीट बसतही नव्हती. म्हणून तिला गल्लीच्या एका पिंजऱ्यात हलवलं. तिने मला दोन ठिकाणी ओरबाडलं. प्रवासाआधी कुणालाही थोडं टेन्शन येतंच.

दवाखान्याच्या दारात एक कापड तिरकं दिसलं. तेव्हा सगळ्या चिठ्ठ्या सोडल्या, सगळी कापडं काढून पुन्हा घडी मोडून सारखी घातली आणि चिठ्ठ्या पुन्हा बांधल्या. ओळ अशी दिसत होती की जुने दिवस आठवले. फोटो काढला.

डॉक्टर च्वांग तरुण आहेत, मेहनती आहेत. म्हणाल्या, काका, यातली तुमची कुठली, दाखवून ठेवता का? मी त्यांना पार्सल ऑफिसचा पहिला नियम सांगितला. चिठ्ठी बघायची, माल बघायचा नाही. माल बघितला की माणूस विचार करायला लागतो, आणि विचार केला की गाडी चुकते. त्या हसल्या. तरुण लोकांना सांगणारं कुणी नसतं.

आता टर्की-भात खायला जातो.

४ मार्च, दुपारी ३.४०
दवाखान्याचा फोन. डॉक्टर स्वतः होत्या. लोंगानचं ऑपरेशन केलं. पोट उघडल्यावर आत काहीच सापडलं नाही, कारण तिचं ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वीच झालंय. पोट शिवलं. कानाचं टोक मात्र तोवर कापून झालं होतं. लाल चिठ्ठी होती, आणि मांजर इतकी फिसकारत होती की रस्त्यावरचीच वाटली, असं म्हणाल्या. गल्लीतल्या राखाडी मांजरीची नखं कापली. ती लाडावलेली, कुणाच्याही मांडीवर बसते. नखं उत्तम निघाली म्हणे.

मी तडक गेलो. लोंगान गुंगीत होती. पोटावरचे केस काढलेले, त्यात पाच टाके, आणि उजवा कान वरून कात्रीने सरळ. बघून मला बाकावर बसावं लागलं. दुपारी जेवण जास्त झालं होतं.

डॉक्टर वाकून वाकून माफी मागत होत्या. माझीच चूक काका, कातडीखालची चिप वाचायचं मशीन आधी फिरवायला हवं होतं, घाई केली. मी लगेच मान्य केलं. त्या म्हणाल्या, नंतर फिरवलं, आणि चिपवर ज्यांचं नाव आहे त्यांना कळवलंय. मी म्हटलं, कळवलंत ना, म्हणून तर आलो. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. शरमल्या असाव्यात.

४ मार्च, रात्री ८.३०
आठला बायकोचा फोन आला. आता रोज आठला करणार आहे. आज काय विशेष, असं विचारलं. म्हटलं, काही नाही. लोंगानची नखं कापली का? म्हटलं, नखं कापली. नखं कापली गेली हे खरंच आहे.

तिला काही कळू द्यायचं नाही, असं ठरवलं. बाळंतिणीच्या घरात वाईट बातमी नको. दुधावर परिणाम होतो. आणि शिवाय चूक दवाखान्याची आहे, तेव्हा मी काय म्हणून सांगायचं? दोन एप्रिलपर्यंत मांजर ठणठणीत करतो. एकोणतीस दिवस आहेत. टाके दहा दिवसांत निघतात. वेळच वेळ आहे.

५ मार्च, बुधवार
डॉक्टर स्वतः घरी आल्या. हातात डबा. अपशकून जावा म्हणून डुकराच्या पायांच्या शेवया, त्यांच्या आईने पहाटे उठून शिजवलेल्या. रीतीप्रमाणे ज्याच्यावर संकट आलं त्याने खायच्या. लोंगानला मसाला वर्ज्य आहे, म्हणून तिच्या वतीने मी खाल्ल्या. पाय छान शिजले होते.

गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ. गळ्यात प्लॅस्टिकचा कॉलर दहा दिवस, काढायचा नाही म्हणजे नाही. असं दोनदा सांगून गेल्या. मी भिंतीवर वेळापत्रक लावलंय. औषध, अन्न, शौच, विश्रांती, सगळं दहा-दहा मिनिटांच्या फरकाने. लोंगानला वाचून दाखवलं.

६ मार्च, गुरुवार
गोळी फिश-बॉलमध्ये लपवून दिली. लगेच खाल्ली. डॉक्टर उगीच म्हणत होत्या की मांजराला गोळी देणं अवघड असतं. मुळात माणसाचा आवाज ठाम हवा.

संध्याकाळी झाडताना फ्रिजखाली एक गोळी सापडली. काल रात्रीचीही सापडली. आजची सकाळचीही. म्हणजे अजून एकही पोटात गेलेली नाही. फिश-बॉल तीन गेले.

रात्रीची गोळी टॉवेलमध्ये गुंडाळून, जबडा उघडून, घशात टाकली. माझ्या अंगठ्यातून रक्त आलं. लाईकाकू अंगठा बघून म्हणाल्या, पेशंट कोण आहे नक्की?

७ मार्च, शुक्रवार, दुपार
कॉलरमुळे लोंगान दाराच्या चौकटीला धडकते. सारखी माझ्याकडे बघते. नऊ वर्षांत तिने माझ्याकडे इतकं कधी बघितलं नव्हतं. मांजराची नजर वाचता यायला हवी. तिला म्हणायचंय की मास्तर, तुमच्यावर माझा विश्वास आहे, जरा मोकळं करा.

मी समोर बसून लक्ष ठेवणार, म्हणून वीस मिनिटं कॉलर काढला. यात धोका काहीच नाही.

७ मार्च, दुपारी ४
डुलकी लागली.

दोन टाके नाहीत. जखम उघडी पडलीय. तोंडाला दोरा लागलेला.

८ मार्च, शनिवार
काल तसाच तिला कापडात गुंडाळून पळत दवाखान्यात गेलो. स्कूटर असताना पळत का गेलो, हे आता सांगता येत नाही. चप्पल एकच होती. डॉक्टरांनी पुन्हा भूल देऊन पुन्हा शिवलं. मी त्यांना सांगितलं की दोरा हलक्या प्रतीचा होता. त्या म्हणाल्या, असेल काका. कॉलर कुणी काढला असं विचारलं. मी म्हटलं, निघाला.

घरी आणल्यावर ती पलंगाखाली गेली. बाहेर येत नाही.

९ मार्च, रविवार
अजून पलंगाखालीच. काही खाल्लं नाही. विश्रांती घेते आहे. वेळापत्रकात विश्रांती आहेच.

१० मार्च, सोमवार
खात नाही. दवाखान्याचं खास अन्न तीन वाट्यांत, तीन तापमानांत ठेवलं. ढुंकून बघितलं नाही.

बायकोने आज व्हिडिओ कॉल केला. लोंगान दाखवा म्हणाली. मी पलंगाखाली आडवा पडून फोन आत सरकवला. डाव्या बाजूने दाखवली. डावा कान अख्खा आहे. बायको म्हणाली, पलंगाखाली का बसलीय? म्हटलं, गारवा. म्हणाली, मार्चमध्ये? मग म्हणाली, जेवतेय ना? म्हटलं, भरपूर.

बिचारी. कशाची म्हणून शंका नाही तिला.

११ मार्च, मंगळवार
चौथा दिवस. डॉक्टर येऊन गेल्या. सिरिंजने पातळ अन्न द्यायला शिकवलं. दहा मिली दिलं, त्यातलं सात माझ्या शर्टावर. डॉक्टर म्हणाल्या, मांजर इतके दिवस उपाशी राहिली की लिव्हर जातं काका. परवापर्यंत स्वतःहून खाल्लं नाही तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल, आणि वय नऊ आहे.

मी विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, म्हणजे मला भीती वाटतेय.

१२ मार्च, बुधवार
मलाही वाटतेय. लिहायला हरकत नाही, हे कुणी वाचत नाही.

बायकोने ही मांजरी पावसात गटारातून काढली होती, तळहाताएवढी. तेव्हा मी म्हटलं होतं, घरात नको. नऊ वर्षं मी तिला नावाने फारशी हाक मारली नाही. आता दिवसभर पलंगापाशी जमिनीवर बसून तेच नाव घेतोय, आणि ती भिंतीकडे तोंड करून बसलीय.

लाईकाकू आल्या. म्हणाल्या, हिच्या जिवाने दचका खाल्लाय, तो उतरवायला हवा. त्या वाटीत तांदूळ भरून, माणूस घाबरलेला असेल तर त्याच्या अंगावरच्या कपड्यात वाटी गुंडाळून, डोक्यावरून फिरवतात, आणि मग तांदळावर उमटलेल्या खुणा वाचतात. मी म्हटलं, काकू, मी रेल्वेतला माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. त्या म्हणाल्या, तुमचा कोण विचारतोय, कपडा आणा हिचा. मांजरीला कपडा कुठला? मग माझाच बनियन काढायला लावला.

पलंगाखाली वाकून त्यांनी काहीतरी पुटपुटलं, वाटी फिरवली, बनियन सोडला. तांदळाकडे बघितलं. म्हणाल्या, दचका आहे, पण हा मांजरीचा नाही. हा तुमचा आहे मास्तर. मी म्हटलं, बनियन माझा, म्हणून तसं दिसणारच. त्या म्हणाल्या, असू दे. मग तीच वाटी माझ्या डोक्यावरून तीनदा फिरवली. मी डोकं खाली केलं. गुडघा दुखत असताना त्या म्हातारीने एवढं वाकायची काही गरज नव्हती.

आठला बायकोचा फोन. तुमचा आवाज असा का येतोय? म्हटलं, सर्दी. लोंगान बरी आहे ना? म्हटलं, मजेत. मागे बाळ रडत होतं. म्हणाली, काही सांगायचं असेल तर सांगा हं. मी म्हटलं, दुधी शिजवताना आलं घालतात का? दुधी आणलेलाही नव्हता.

१३ मार्च, गुरुवार, दुपारी १.१५
खाल्लं.

टर्की-भाताचा डबा जमिनीवर ठेवून मी हात धुवायला गेलो. आलो तर कॉलरसकट डोकं डब्यात. वरची टर्की सगळी संपलेली, भात तसाच. मी दारातच उभा राहिलो, श्वासही घेतला नाही. मग तिने कॉलरला लागलेला रस्सा चाटला आणि पलंगावर, खाली नव्हे, वर, जाऊन झोपली.

मी न्हाणीघरात जाऊन थोडा वेळ नळ सोडून बसलो.

माझी अन्नपद्धत यशस्वी झाली. डॉक्टरांना फोन करून कळवलं.

१५ मार्च, शनिवार
काओश्युंगहून पार्सल. पॅकिंग ढिसाळ. आत बाळाचे दोन झबले. सोबत चिठ्ठी, हे बाळाला होत नाहीत, फडकं म्हणून वापरा. झबल्यांना पोटाशी मऊ अस्तर शिवलेलं, मागे शेपटीएवढं भोक, पाठीवर बंद. पंधरा दिवसांच्या बाळाला लहान होणारा, शेपटीला भोक असलेला झबला. लेकीची खरेदी नेहमी अशीच.

लोंगानला घालून बघितला. बरोब्बर बसला. जखम पूर्ण झाकली जाते, कॉलरची गरजच नाही. योगायोग म्हणतात तो असा.

१८ मार्च, मंगळवार
गोळ्या आता टर्कीत. फ्रिजखाली रोज तपासतो, काही सापडत नाही. सकाळी आठच्या ठोक्याला ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहते. शिस्त लागली. पाचला मीही उठतोय, कारण ती छातीवर बसते.

राखाडी मांजरीबद्दल लाईकाकूंची तक्रार. नखं गेल्यापासून तिला भिंत चढता येत नाही, घसरून पडते बिचारी. आणि पोट जरा मोठं दिसतंय. मी म्हटलं, दवाखान्याला विचारा.

२१ मार्च, शुक्रवार
टाके काढले. जखम सुकली. डॉक्टर म्हणाल्या, छान सांभाळलंत काका. मी म्हटलं, झालं गेलं विसरून जा, मी मनात ठेवलेलं नाही. त्यांनी पुन्हा वाकून नमस्कार केला. मोठ्या मनाने घेतलं की समोरचा दबतो.

आता राहिला फक्त कान.

२३ मार्च, रविवार
बायकोच्या शिवणाच्या डब्यात भुरकट फेल्ट सापडलं. त्याचं टोक कापून, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून, कानावर बसवलं. चार पावलांवरून काहीही कळत नाही. आठच्या व्हिडिओ कॉलला प्रथमच उजवी बाजू दाखवली. बायको म्हणाली, उजवा कान फार तरुण दिसतोय हिचा. तेवढ्यात लोंगानने डोकं झटकलं आणि कान फोनच्या काचेवर येऊन चिकटला. मी म्हटलं, पान पडलं. बायको म्हणाली, घरात पानगळ सुरू झाली का? म्हटलं, खिडकी उघडी आहे.

थोडक्यात वाचलो. लेकीचाही हसण्याचा आवाज आला. बाळ काहीतरी करत असेल.

२४ मार्च, सोमवार
बायको येईल तेव्हा सांगण्यासाठी निवेदन लिहायला घेतलं. चूक दवाखान्याची, हे पुराव्यासह हवं. म्हणून कार्बन कॉप्या काढल्या, आणि दारात काढलेला तो फोटो.

कॉपी क्र. ६, हिरवी, लोंगान, फक्त नखं. कॉपी क्र. ७, लाल, राखाडी. फोटोत सहावा पिंजरा, निळ्या कापडाखालून एक राखाडी पंजा बाहेर आलेला. वर हिरवी चिठ्ठी. शेजारी मी उभा, हसतोय. चिठ्ठीची गाठ पार्सल ऑफिसची, दुहेरी. ती चियायीत मी सोडून कुणाला येत नाही.

फोटो उलटा छापला जाण्याची शक्यता आहे. मात्र तो मोबाईलमध्ये आहे.

२५ मार्च, मंगळवार
फोटो पुन्हा बघितला.

२६ मार्च, बुधवार
फोटो बघितला नाही. दिवसभर वेळापत्रक नव्या कागदावर उतरवत होतो. लोंगान त्या कागदावर बसून होती.

२९ मार्च, शनिवार
राखाडी मांजरी लाईकाकूंच्या जिन्याखाली व्याली. पाच. काकू म्हणाल्या, बाळंतिणीची नखं मात्र बघण्यासारखी आहेत मास्तर. सगळी गल्ली जिन्यापाशी जमली होती. कुणी मला काही बोललं नाही. सगळे फार आदराने बाजूला झाले आणि मला बघायला जागा करून दिली.

निवेदनाचे चार मुद्दे पक्के केले. डॉक्टरांची घाई. चिपचं मशीन. दोऱ्याची प्रत. लाईकाकूंनी सहा वर्षं चालवलेली रिबिनीची पद्धत. फोटो पुसून टाकायचं ठरवलं. पुसला नाही. फोटो चांगला आलाय.

२ एप्रिल, बुधवार
गाडी ११.२० ला वेळेवर आली. घर झाडून ठेवलं होतं, दुधीत आलं घालून शिजवलं होतं. बायको दारात पोचली. लोंगान धावत तिच्याकडे जाईल आणि त्या गडबडीत कान दिसणार नाही, असा अंदाज होता. ती गेली नाही. माझ्या चपलेवर बसून राहिली. बायकोने ते बघितलं.

मग तीच खाली बसली. लोंगानचा उजवा कान दोन बोटांत धरला, वरून अंगठा फिरवला. तिला उताणी केली, पोटावरची रेघ बघितली, बारीक केस आलेत ते कुरवाळले. काही विचारलं नाही. आत जाऊन चहा ठेवला.

मी मुद्दा क्रमांक एक सुरू केला. तिने थांबवलं नाही. दोन झाला, तीन झाला. चौथा झाल्यावर कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, डॉक्टर च्वांगनी मला चार तारखेलाच फोन केला होता. तीन वाजता. चिपवर माझा नंबर आहे. तुम्हाला फोन नंतर गेला.

मी म्हटलं, असं.

म्हणाली, मीच सांगितलं त्यांना आणि काकूंना, काही बोलू नका, हे सांगतील मला आज रात्री. मग म्हटलं, उद्या सांगतील. लोंगानने खाणं सोडलं तेव्हा मी बॅग भरून दारात उभी होते. लेक रडायला लागली. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, येऊ नकोस, मास्तर जमिनीवर बसून करताहेत तिचं, मी त्यांना असं कधी बघितलं नाही. म्हणून राहिले. झबले कुणी शिवले असतील असं वाटलं तुम्हाला?

मी म्हटलं, योगायोग. ती हसली नाही.

म्हणाली, चिठ्ठ्या बदलल्या, बदलल्या. कुणाकडूनही होतं. मी त्यावर एक दिवससुद्धा रागावले नाही. पण एकोणतीस दिवस रोज आठ वाजता मी तुम्हाला विचारत होते अहो. त्या पोरीने तुमच्यासमोर वाकून वाकून माफी मागितली आणि तुम्ही घेतलीत. मांजर बरं झालं. तुमचं काय करायचं, ते मला कळत नाहीये.

चहा गार झाला. मी उठून खणातून कार्बन कॉप्या आणल्या, मोबाईलवर तो फोटो उघडला, आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवले. म्हटलं, गाठ माझी आहे. चिठ्ठ्या मीच अदलाबदल करून बांधल्या. छत्तीस वर्षांत एकही पार्सल चुकलं नाही असं मी म्हणतो, ते खरं आहे की कुणी मला सांगितलं नाही, हे आता मला ठाऊक नाही. मग म्हटलं, बारा तारखेला मला सर्दी नव्हती.

तिने कॉप्या उचलून नीट बघितल्या. म्हणाली, अक्षर चांगलं आहे. मग म्हणाली, हे मला दाखवून काय उपयोग? उद्या दवाखान्यात जाऊन दाखवा.

३ एप्रिल, गुरुवार
गेलो. बायको बाहेर स्कूटरवर बसून राहिली, आत आली नाही. डॉक्टर एका कुत्र्याचे कान साफ करत होत्या. ते होईपर्यंत बाकावर थांबलो. बाजूच्या बाईने विचारलं, तुमचं काय आहे, कुत्रा की मांजर? म्हटलं, मीच आहे.

डॉक्टरांपुढे कॉप्या ठेवल्या. चूक माझी होती, तुमची नव्हती, आणि कॉलर मी काढला होता, असं उभं राहून सांगितलं. वाकून नमस्कार केला. पाठीतून कट्ट असा आवाज आला. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाल्या, चिप बघायची राहिली ती माझीच काका, ती तुम्ही घेऊ नका. बाकीचं ठाऊक होतं. मूळ चिठ्ठ्या माझ्याकडेच आहेत.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, तुम्ही रोज दोनदा फोन करून तिने किती घास खाल्ले ते सांगत होतात. मी काय बोलणार?

मग जरा संकोचून म्हणाल्या, लाईकाकूंचा गुडघा फारच दुखतोय. राखाडीचं बाळंतपण आटपलं की तिलाही आणायचंय, आणि गुडघ्यामुळे राहिलेली या महिन्याची खेप पुढच्या मंगळवारी आहे, चार मांजरी. तुम्ही याल का? मी म्हटलं, अवश्य, या वेळी व्यवस्था मी अशी लावतो की… त्या म्हणाल्या, नाही काका, व्यवस्था काकू बघतील. रिबिनी त्या बांधतील. तुम्ही फक्त पिंजरे आत आणून ठेवा.

मी म्हटलं, बरं.

मी दारापर्यंत पोचल्यावर त्या म्हणाल्या, आणि काका, एका वेळी एकच.